साठ मीटर अलीकडे

"शेजारच्या विहिरीत काही झालं नाही. मग इथेच कसलं भूत निघणार आहे?" ड्रिलिंगप्रमुखांनी तिचा आलेख परत सरकवला.

जमिनीत सोडलेल्या लहरी खडकांतून किती वेगाने जातात, ते बघून खाली अडकलेल्या पाण्याचा, वायूचा दाब तेलविहीर खणण्याआधीच सांगायचा, हे तिचं काम. जितकं खोल तितका खडक घट्ट, तितक्या लहरी वेगवान. इथे मात्र दोन हजार नऊशे मीटरवर त्या एकदम मंदावल्या होत्या, म्हणजे तिथे दाब कोंडलेला होता.

"शेजारची विहीर भेगेच्या पलीकडे आहे, साहेब. इकडे दाबाला बाहेर पडायला वाटच नाही. खणताना विहिरीत फिरवतो तो चिखल आतापासूनच जड करा, म्हणजे तो वायू दाबून धरेल."

"आणि त्या वजनाने खडकच फुटला तर? मॅडम, तुमचा भाऊ त्या रिगवर आहे म्हणून तुम्हाला धास्ती वाटते."

ती लालबुंद झाली. धाकटा भाऊ तिथे खणायचं यंत्र चालवणारा ड्रिलर होता, हे खरंच होतं. "आकडे माझे आहेत. लेखी देते," ती म्हणाली.

घासाघीस होऊन ठरलं: जड चिखल टाक्यांत तयार ठेवायचा, पण आत सोडायचा अठ्ठावीसशे पन्नासला.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती ऑफिसात पडद्यावर रिगचे आकडे बघत होती. खोली अठ्ठावीसशे चाळीस. आत जातोय त्यापेक्षा जास्त चिखल वर येत होता. म्हणजे खालचा वायू विहिरीत शिरला होता. तिने रिगवर भावाला फोन लावला.

"विहीर बंद कर!"

"मीही तेच बघतोय. पण ताई, तू तर एकोणतीसशे म्हणाली होतीस ना?"

"चुकले मी! बंद कर आधी!"

फोन तसाच चालू राहिला. पलीकडे भोंगा, धावपळ, कोणाची तरी आरोळी. प्रमुख येऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहिले.

"बंद झाली," अखेर भाऊ धापा टाकत म्हणाला. "माणसं सगळी ठीक आहेत."

तयार चिखल हळूहळू आत गेला. अंधार पडायच्या आत विहीर शांत झाली.

"टाक्या भरलेल्या नसत्या तर..." प्रमुख एवढंच बोलले आणि तिच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवून गेले.

थोड्या वेळाने भावाचा फोन आला. "साठ मीटर चुकलीस, ताई! आईला सांगू?"

"सांगून तर बघ, कान उपटीन!" ती हसली, आणि मग तिला रडू आवरेना. त्याने फोन ठेवला नाही. बऱ्याच वेळाने डोळे पुसून तिने लहरींचे आकडे पुन्हा उघडले. साठ मीटर कुठे गेले, ते शोधायचं होतं.