अर्धं ऊन

इंद्रभानने सोयाबीनचा दाणा उजव्या दाढेखाली धरला, डोळे मिटले आणि दाबला. कट्. समोर ओट्यावर बसलेला शालिकराम पुढे वाकला. त्याचं सोयाबीन मळून खळ्यावर पडलं होतं. ते आज वाशीमच्या बाजारात न्यायचं की ताडपत्रीवर आणखी वाळवायचं, हे या दाण्यावर ठरणार होतं.

इंद्रभानने दुसरा दाणा घेतला. पुन्हा कट्. त्याला घाई नव्हती. कान मात्र दाण्याकडे नव्हते, मागच्या दाराकडे होते.

दाराआड बांगड्या वाजल्या. एकदा. मग जरा थांबून पुन्हा एकदा.

"दोन उन्हं लागतात," इंद्रभान डोळे उघडत म्हणाला.

"दोन? बाप्पा! मले तं वाटलं, ठणठणीत वाळलं."

"तुले वाटून काय होते? दात माहे की तुहे?"

शालिकराम निमूट उठला. अनसिंगात इंद्रभानच्या दातापुढे कोणी वाद घालत नसे. चाळीस वर्षं झाली, बाजारात माल न्यायच्या आधी लोक त्याच्याकडे येत. ओंजळभर दाणे दुपट्ट्यात बांधून आणायचे, त्यातले पाच दाणे त्याने चावायचे आणि किती उन्हं लागतात ते सांगायचं. ओलाव्याचे टक्के-बिक्के बाजार समितीच्या मशीनने सांगावेत. इंद्रभान उन्हात बोलायचा आणि त्याचं ऊन कधी चुकत नसे. उरलेली ओंजळ घरात जायची, तीही एक रीतच. इतकी वर्षं ती कोंबड्यांना पडत होती. गेल्या महिन्यापासून तिच्यातला दाणा आधी त्याच्या बायकोच्या, चतुराबाईच्या दाढेखाली जात होता, आणि हे त्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

याचं मूळ खर्र्यात होतं. तरुणपणापासून गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून धरून इंद्रभानच्या हिरड्या सुटल्या होत्या. दात एकेक करून गेले. भाकर दुधात कुस्करून खायची वेळ आली, गाल आत गेले, आणि हसताना तो तोंडावर हात धरू लागला. गावात सगळ्यांत मोठ्याने हसणारा माणूस तो. त्याचं ते झाकलेलं हसणं चतुराबाईला बघवेना. उन्हाळ्यात शेवटची दाढ पडली, तेव्हा तिने त्याला धरूनच वाशीमला नेलं.

दातांच्या डॉक्टर योगिनीबाई वयाने मुलीएवढ्या, पण बोलायला रोखठोक.

"काका, दात एकटा जात नाही. तो गेला की जबड्याच्या हाडाला काम उरत नाही, मग हाडही झिजत जातं. तुमचे गाल उगाच नाही बसले."

"मंग पक्के बसवा ना. ते स्क्रूवाले."

"इम्प्लांट? हाड बरंच उतरलंय, आणि साखर बघा किती वाढलीय. आधी ती खाली आणा, मग तपासून बघू. ब्रिज म्हणाल, तर त्याला दोन्ही बाजूंना भक्कम दात लागतात. तुमच्याकडे शेजारीच उरले नाहीत."

"म्हंजे कवळी?"

"कवळी. आणि खर्रा बंद."

कवळी आली. पहिले आठ दिवस ती तोंडात उपऱ्यासारखी वागली, बोलताना शिट्ट्या निघत. मग हळूहळू बसली. इंद्रभानने भाकरीचा कडक पापुद्रा मोडून खाल्ला तेव्हा चतुराबाई समोर बसून नुसती बघत राहिली. गाल भरले. पोळ्याला तो तोंड उघडं टाकून इतक्या मोठ्याने हसला की शालिकराम म्हणाला, "नवरदेव झाला गा तू तं!"

सगळं बरं झालं. फक्त दाणा कळेनासा झाला.

ते पहिल्याच गिऱ्हाइकाच्या वेळी त्याला कळलं. हेमसिंगच्या मालातले पाच दाणे त्याने चावले, पाचही कट् वाजले, आणि तो म्हणाला, "ने." हेमसिंगचा माल बाजारातून तसाच परत आला. हेमसिंग भला माणूस, वाटेत शिंतोडे लागले असतील म्हणाला. त्या दिवशी आभाळ निरभ्र होतं. इंद्रभान दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन बसला.

"खऱ्या दाताच्या मुळाभोवती नसा असतात, काका," योगिनीबाईंनी समजावलं. "दाणा किती दबला, कुठे दबला, ते त्या सांगतात. कवळी चावते, पण सांगत नाही."

"ते स्क्रूवाला सांगते का?"

"फार थोडं. खऱ्या दातासारखं नाही."

इंद्रभान घरी आला आणि दोन दिवस ओट्यावर बसला नाही. लोक काय म्हणतील, यापेक्षा लोक येणारच नाहीत, ही भीती मोठी होती. तिसऱ्या दिवशी कोणीतरी ओंजळ घेऊन आलंच. त्याने दाणा चावला, काही कळलं नाही, आणि तो खोटं बोलायला तोंड उघडणार तोच दाराआड बांगड्या एकदा वाजल्या. का कोण जाणे, तो "एक ऊन" म्हणाला. ते बरोबर निघालं. पुढच्या वेळी बांगड्या वाजल्याच नाहीत. तो म्हणाला, "वाळलं, ने." तेही बरोबर. नवराबायकोत याविषयी एक शब्द झाला नाही. झाला असता तर त्याला मान खाली घालावी लागली असती, आणि चतुराबाईला ते नको होतं.

शालिकरामने सांगितल्याप्रमाणे दोन उन्हं दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी इंद्रभान मारुतीच्या पारावर गेला, तर तिथे दहा-बारा माणसं जमलेली. मधोमध शालिकरामचा थोरला आदर्श, हातात डब्याएवढं यंत्र.

"मोठेबाबा, या या. मॉइश्चरची मशीन आनली. आमच्याच मालावर पाहून घेऊ, मशीन खरी का तुमचा दात."

"दातच खरा," हेमसिंग म्हणाला. आपला परत आलेला माल तो विसरला होता, किंवा विसरल्याचं दाखवत होता.

शालिकरामने ओंजळ पुढे केली. इंद्रभानने दाणा घेतला. घर पाराच्या मागेच, पण भिंतीआडून बांगड्या इथवर ऐकू येणार नव्हत्या. त्याने दाणा दाढेखाली धरला, डोळे मिटले. कट्.

"काय म्हनते?" शालिकरामने विचारलं.

अंदाज ठोकता आला असता. दोन सांगितली, दोन दिली; 'वाळलं' म्हणायला काय जात होतं? त्याने डोळे उघडले तर हेमसिंग त्याच्याकडे बघत होता, विश्वासाने, तोंड किंचित उघडं ठेवून. इंद्रभानने दुसरा दाणा उचलला आणि तसाच मुठीत धरून ठेवला.

मग त्याने दुपट्ट्याचं टोक तोंडापुढे धरलं, वरची-खालची कवळी काढली आणि पारावर ठेवली. गाल पुन्हा आत गेले.

"हेयले काहीच समजत नाही," तो म्हणाला. शब्द पसरट निघाले, पण सगळ्यांना कळले. "हेमसिंग, तुहा माल माह्यामुळं परत आला. शिंतोडे-गितोडे काही नव्हते. तवापासून दाणा तुह्या काकूनं पाह्यला. म्या नुसतं सांगतलं." आणि मागे वळून त्याने हाक मारली, "अवं! इकडे ये जराशी. हात धुवून ये."

चतुराबाई पदर सावरत आली. पारावरची कवळी बघून तिला काय झालं ते समजलं. चाळीस वर्षांत ती पुरुषांच्या या बैठकीत आली नव्हती. तिने नवऱ्याच्या मुठीतला दाणा घेतला, तोंडात टाकला आणि सगळ्यांकडे पाठ करून चावला. दुसरा मागितला. तोही चावला.

"अर्धं ऊन," ती म्हणाली. "दुपारलोग पसरून ठेवा. काल दुपारून आभाळ होतं ना."

आदर्शने यंत्रात दाणे भरून झाकण आवळलं. आकडा आला तेव्हा त्याने तो आधी स्वतः दोनदा वाचला.

"बारा पॉइंट सहा. बाजारात बारा लागते." तो डोकं खाजवत हसला. "अर्धंच ऊन राह्यलं, मोठ्या आई."

मग जो गलका झाला, त्यात इंद्रभानचं हसणं सगळ्यांत मोठं होतं. बिनदातांचं, आणि तोंडावर हात न धरता.

घरी जाताना चतुराबाई रागावल्यासारखी पुढे चालत होती.

"सांगाची काय गरज होती? चालून राह्यलं होतं ना नीट."

"कुठी नीट? अर्धं ऊन तू कसं वाजवलं असतं?"

ती थांबली. "नसतंच वाजवलं. अर्ध्याचं एक करत होती मी. बांगडीत अर्धं कुठी वाजते?"

"म्हंजे लोकायचा माल उगाच अर्धा दिवस जास्त वाळला!"

"वाळला तं वाळला. परत तं नाही आला," ती म्हणाली, आणि या वेळी तिलाच हसू आलं.

दुसऱ्या दिवसापासून ओंजळी थेट तिच्याकडे येऊ लागल्या. इंद्रभान शेजारी बसून चहा विचारायचा, आलेल्याची चेष्टा करायचा. त्याच्या जागेला धक्का लागला नाही; लोक त्याच ओट्यावर येत होते. पण चार-आठ दिवसांनी त्याच्या लक्षात आलं की चतुराबाई दाणा डावीकडेच चावते. उजवीकडे घेतच नाही. त्याने विचारलं, तर म्हणाली, गार पाणी लागते जरासं. त्याची पहिली दाढही अशीच 'जरासं' म्हणत गेली होती.

योगिनीबाईंनी दोघांना दारात बघून विचारलं, "काय काका, कवळी टोचतेय?"

"माही सोडा. हिचे पहा. एक दात हालता कामा नये हिचा. माह्या वेळेले म्या उशीर केला, आता नाही करायचा."

चतुराबाई खुर्चीत आडवी झाली. दिवा तोंडावर आला. डॉक्टरांनी आरसा घालून एकेक दात पाहिला, आणि इंद्रभान त्यांच्या खांद्यावरून डोकावत राहिला.

"छान जपलेत. उजवी दाढ तेवढी किडायला लागलीय. मुळापर्यंत गेलेली नाही, भरली की वाचेल."

"नक्की वाचते ना?"

"नक्की. थोडा वेळ लागेल फक्त. काय काकू, आज भरायची, की उद्या येता?"

चतुराबाईच्या तोंडात आरसा होता आणि गालात कापूस. तिला बोलता येईना. तिने फक्त डोळे वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात पोटावर ठेवलेले होते.

इंद्रभान क्षणभर कान देऊन उभा राहिला. बांगड्या वाजल्या नाहीत.

"आजच म्हनते," तो म्हणाला.