उजव्या खिशाचे भक्त

सात बायका, एक मोबाइल आणि त्यावर एकावर एक ठेवलेले सात तळवे. भर दुपारी चार वाजता टेलर मास्तरांच्या गाळ्यात, इस्त्रीच्या टेबलावर चमत्कार चालू होता.

"डोळे मिटा," मोबाइलमधून स्पर्शबाबा सांगत होते. "माझ्या तळव्यातली ऊर्जा तुमच्या तळव्यात येते आहे. ज्याला ऊब लागेल तो बरा झाला. ज्याला लागणार नाही, त्याच्या मनात शंका आहे!"

हे बाकी झकास होतं. ऊब लागली तर बाबांची कृपा, नाही लागली तर तुमचं पाप. मास्तर तीस वर्षं कपडे शिवत होते, पण शर्ट घट्ट झाला तर "तुमच्या मनात शंका आहे" असं गिऱ्हाइकाला सुनावायचं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

"लागली, लागली!" सगळ्यात खाली हात असलेल्या आक्का ओरडल्या. "अगं बाई, केवढी ऊब!"

आक्का म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. गाळ्याच्या मागच्याच खोलीत राहायच्या. बारा वर्षांचा मधुमेह, रोजची इन्सुलिनची सुई. "सुई सोडा, स्पर्श धरा," असं बाबांनी फर्मावलं आणि आक्कांनी कालपासून सुई घेतली नव्हती. साखर मोजायचं यंत्रही फळीवर टाकलं होतं, कारण यंत्रात बघितलं की म्हणे ऊर्जा पळून जाते. तेव्हापासून त्या तांब्यावर तांबे पाणी पीत होत्या, तरी तोंड कोरडंच. मास्तरांना हे मुळीच पटत नव्हतं. पण थोरल्या बहिणीपुढे त्यांचं आजवर कधी चाललं होतं?

त्यांनी आपला मोबाइल आणला. त्यावर सकाळपासून मॅच चालू होती.

"आक्का, यावर हात ठेव बघू."

"अय्या, हाही गरम!"

"म्हणजे अंपायरही बाबाच झाला की! अगं, पूर्ण उजेडावर तासभर व्हिडिओ चालवला तर कुठलाही मोबाइल तापतो. त्यात खाली इस्त्रीचं टेबल आणि वर सात जणींचे हात."

बायका चुळबुळल्या. पण आक्का कसल्या ऐकतायत! "मग हे एवढे लोक बरे झाले ते? बघ, खाली फोटोसकट लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. "बाबांच्या स्पर्शाने माझी सुई सुटली." "बाबांच्या स्पर्शाने माझी गोळी सुटली." मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. मजकूर त्यांनी वाचलाच नाही. शिंप्याला आधी कपडे दिसतात. पहिल्या गृहस्थांचा खांदा उतरला होता. दुसऱ्यांची कॉलर बरी होती. तिसऱ्यापाशी ते थबकले आणि परत पहिल्यावर गेले.

"आक्का, शर्टाचा खिसा कुठल्या बाजूला असतो?"

"डाव्या. एवढंही विसरलास?"

"मग हा बघ. याचा उजवीकडे. याचाही. आणि याचाही! बटणपट्ट्याही सगळ्यांच्या उलट्या. मी आयुष्यात एकदाच उजवा खिसा शिवला, तोही चुकून, तर गिऱ्हाइकाने शर्ट तोंडावर फेकला. आणि बाबांचे भक्त झाडून सगळे उजव्या खिशाचे?"

कोटाचं माप द्यायला शाळेतल्या कॉम्प्युटरच्या बाई आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सेल्फी कधीकधी उलटी येते, मास्तर."

"कबूल. पण दोन्ही हात कमरेवर ठेवून उभ्या माणसाने सेल्फी काढली कशाने?"

बाई हसल्या. त्यांनी मोबाइल घेऊन एकेक अकाउंट उघडलं. "सगळी एकाच आठवड्यात निघालीत. ना मित्र, ना नातेवाईक, ना दुसरी एखादी पोस्ट. लोकांचे फोटो चोरायचे आणि आरशातल्यासारखे उलटे करायचे, म्हणजे मूळ फोटो सहज सापडत नाही. मग एकानेच शंभर नावांनी 'बरा झालो' लिहायचं. गर्दी बघून गर्दी जमते आणि बाबांच्या गळ्यात घालायच्या 'ऊर्जेच्या' चकत्या खपतात."

"असेल बाई," आक्कांचा आवाज बारीक झाला. "पण बाबांच्या पानावर भेटलेली माझी मैत्रीण खोटी नाही. ती रोज सकाळी मला विचारते, 'ताई, आज कसं वाटतंय?' तिच्याच धीराने मी सुई सोडली."

मास्तरांनी बाईंकडून मोबाइल घेऊन आक्कांच्या हातात दिला. मग म्हणाले, "तिला लिही, 'आक्का आज सकाळी वारल्या. कळवणार, त्यांचा भाऊ.'"

"शुभ बोल रे नाऱ्या!"

"मैत्रीण असेल तर रडेल. लिही तर खरं."

आक्कांनी एका बोटाने लिहिलं. पापणी लवायच्या आत उत्तर आलं, "अभिनंदन ताई! अशीच श्रद्धा ठेवा. उद्या आणखी हलकं वाटेल!"

गाळ्यात असा हशा पिकला की शेजारचा चांभार डोकावून गेला. आक्काही पोट धरून हसल्या आणि हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "यंत्रच होतं की रे मेलं! पण रोज विचारायचं. तू भिंतीपलीकडे असतोस, कधी विचारलंस?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच नव्हतं विचारलं.

फळीवरचं यंत्र खाली आलं. साखर चारशेच्या वर होती. बाईंनी गाडी बोलावली, डॉक्टरांनी आक्कांना दोन दिवस ठेवून घेतलं आणि मास्तरांनाही खडसावलं, "आणखी उशीर केला असता तर बेशुद्धच आणलं असतंत."

त्या दोन दिवसांत गाळ्यात येईल त्या प्रत्येकीला मास्तर ऐकवत होते. "दोन मीटर कापड घेताना तुम्ही चार वेळा उलटसुलट करता, ओढून बघता, रंग जाईल का विचारता. मग जिवाचा सल्ला न तपासता कसा घेता? अकाउंट कधी निघालं, फोटो कुणाचा आहे, हा मला भीती का घालतोय, एवढं तरी विचारा. औषध बंद करायचं तर डॉक्टरला विचारा. आणि शंका आली तर लाजू नका. जो शंकेला पाप म्हणतो, त्याचीच आधी शंका घ्या."

आक्का घरी आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा उघडायच्या आधी मास्तर मागच्या खोलीच्या दारात उभे राहिले.

"आक्का, सुई घेतलीस का?"

"घेतली. आणि तुझी रे ब्लडप्रेशरची गोळी?"

मास्तरांनी जीभ चावली. तीन दिवस गोळीची आठवणच झाली नव्हती.

"बस तिथे," आक्का उठत म्हणाल्या, "पाणी आणते."