मधल्या दारातला तीन

मित्रांनो, मी कुरुळीच्या शाळेतला अंककोड्याचा एक जुना कागद आहे. चाकणच्या कारखान्यांचे ट्रक रस्त्याने धडधडत गेले की ज्या कपाटाची काच थरथरते, त्याच कपाटात मी राहतो.

माझा जन्म निगडीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात झाला. शाळेतल्या सुमनबाईंनी मला संगणकावरून छापून घेतलं आणि दुकानदार रणजीतला म्हणाल्या, "याला प्लॅस्टिक चढव."

"बाई, नऊ तर चौकटी! एवढ्याशा कोड्याला लॅमिनेशन?"

"पोरांच्या हातात जायचंय रे ते."

माझ्यावर दोनच आकडे छापलेले. वरच्या डाव्या कोपऱ्यात एक, मधोमध तीन. बाकीच्या चौकटी मुलांनी भरायच्या. प्रत्येक आडव्या आणि उभ्या ओळीत एक, दोन, तीन एकेकदाच यायला हवेत. माझ्या बिनप्लॅस्टिकच्या भावंडांची विमानं झाली, एकात कुणी बोरं बांधून नेली. मी मात्र टिकलो. मुलं स्केचपेनने माझ्यावर लिहीत, ओल्या फडक्याने पुसत, आणि मी पुन्हा कोरा होई. त्याचं मला अजून नवल वाटतं.

पण खरं नवल घडवलं ते दुसरीतल्या तनुजाने.

आकडे दिसले की ती पाटी पालथी घाली. "हिचं गणित म्हंजी बंद पडलेला टेम्पो," वर्गातला सिद्धेश चिडवायचा. एके सकाळी तिची आई कस्तुरा कडेवर धाकट्याला घेऊन तिला ओढतच वर्गात आली.

"बाई, आज कशीबशी आणलीया. उद्यापास्नं यायची न्हाई म्हनती. मग ऱ्हाऊ दे घरी, बारक्याला तरी सांभाळंल."

"आजचा तास तरी बसू दे," बाई म्हणाल्या. त्यांनी मला तनुजापुढे ठेवलं. कस्तुरा दारातच थांबली.

तनुजा माझ्यावर वाकली. मग तिचं बोट मधल्या तीनवर आलं, आणि मागे वळून तिने वर्गाला दटावलं, "श्श!"

"येत काय न्हाई, अन् वर आमालाच गप करती!" सिद्धेश हसला.

बाईंनाही ते आवडलं नाही. "तनुजा, वर्ग गप्प करायला मी आहे ना?"

तिचे डोळे भरले. "तसं न्हाई, बाई. हे मधलं दार आमचं हाय. पप्पांची थर्ड शिफ्ट. झोपल्यात."

तनुजा ज्या खोल्यांत राहायची तिथे एका ओळीत तीन दारं होती. तिन्ही दारांतले पप्पा एकाच कंपनीत, पण तीन वेगळ्या शिफ्टला, आणि दर आठवड्याला त्यांची शिफ्ट बदले. थर्ड शिफ्टचा, म्हणजे रात्रपाळीचा माणूस दिवसा झोपतो, म्हणून कोणत्या दारापुढे कधी खेळायचं नाही हे तिथल्या पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. माझ्या उभ्या ओळी तिला दारांसारख्या दिसल्या आणि आडव्या ओळी आठवड्यांसारख्या.

"मधल्या आठवड्यात आमची थर्ड, अन् वरच्या आठवड्यात पयल्या दाराची फर्स्ट, म्हंजी वरच्यात आमची सेकंड." तिने वरच्या ओळीत दोन लिहिला. "मग शेवटच्या दाराला थर्डच उरली." तीन लिहिताना तिचा आवाज आपोआप खाली आला. चौकटी भरत गेल्या.

बाईंनी उभं बोट फिरवलं, आडवं फिरवलं. कुठेच चूक नव्हती. मला वाटायचं, माझे आकडे संगणकातून आले. ते तर कुरुळीतल्या त्या तीन दारांमागे आधीपासूनच नांदत होते!

"मग, उद्या?" कस्तुराने हळूच विचारलं.

तनुजाने मान वरही केली नाही. "बाई, चार दारांचं हाय का वो?"

कस्तुराने बारक्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. "असू दे, ह्याला बघते मीच," म्हणाली आणि निघून गेली.

आता तनुजा मोठ्या शाळेत जाते. माझं प्लॅस्टिक पिवळं पडलंय, एक कोपरा उकललाय. नवी रंगीत कोडी आली की मी महिनोन्‌महिने कपाटातच असतो. तरी कधी बाहेर काढलं, की दुसरीतली पोरं तीन लिहिताना आवाज खाली आणतात. तशी रीतच पडली आहे. का, ते त्यांना ठाऊकही नसतं.

मित्रांनो, शेजारचं कुणी कोड्यापुढे अडलं तर हसू नका. त्याला काय दिसतंय ते विचारा. आणि मला पुसाल तेव्हा मधल्या चौकटीवरून फडकं जरा हळू फिरवा. तिथे कुणीतरी रात्रभर राबून आत्ताच झोपलंय.