मीठ धुऊन जाईपर्यंत

मी एक जुनी मोटार आहे. दोन दारांची, लांब नाकाची, बाटलीच्या काचेसारख्या गडद हिरव्या रंगाची. आज मी घराबाहेर उघड्यावर उभी आहे आणि माझ्या चाकांवरच्या पत्र्यावर मिठाचे पांढरे ओघळ वाळले आहेत. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, बिचारी. तसे म्हणू नका. आधी माझी हकिगत ऐका.

डेट्रॉईटच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बेताच्या आकाराच्या गाडीत भलेमोठे इंजिन बसवायची तेव्हा हौस होती. मला आठ सिलिंडर मिळाले, आणि आवाज असा मिळाला की मी गल्लीच्या तोंडाशी असतानाच मागच्या परसातली कुत्री उभी राहत. त्याच कारखान्यात लेनर्ड ओसोव्स्की नावाचा तरुण दारे बसवायचा. पुढे बऱ्याच वर्षांनी त्याने मला दुसऱ्या मालकाकडून विकत घेतले, तेव्हा तो सगळ्यांना सांगायचा, "हिचं डावं दार मीच बसवलंय." खरे-खोटे मला ठाऊक नाही. दिवसभरात शेकडो दारे बसत. पण त्याने इतक्यांदा सांगितले की मलाही ते खरे वाटू लागले.

लेनर्डचे घर नदीजवळच्या वस्तीत होते. घरामागे गॅरेज होते, एकाच गाडीपुरते. त्यात मी राहू लागले. त्याची बायको आयरीन रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात कामाला होती. तिची करडी गाडी बाहेर, भिंतीला लागून उभी असे.

माझे लाड कसे झाले ते सांगते. ऑक्टोबर संपत आला की लेनर्ड माझी टाकी काठोकाठ भरायचा आणि पेट्रोल नासू नये म्हणून त्यात औषध घालायचा. बॅटरीची तार सोडायचा. उंदीर शिरू नयेत म्हणून धुराच्या नळीत फडके कोंबायचा. मग माझ्यावर मऊ कापडाची खोळ चढवायचा, आणि कडाका वाढला की कोपऱ्यात विजेची छोटी शेगडी लावायचा. कारण एकच होते, मीठ. आमच्याकडे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि ते मीठ गाडीचा पत्रा खाते. वसंतात एक दणकून पाऊस पडून रस्ते धुऊन निघेपर्यंत मला बाहेर काढायचे नाही, हा लेनर्डचा नियम होता. नुसता त्याचा नव्हे, त्या वस्तीत ज्याच्या ज्याच्या घरी माझ्यासारखी गाडी होती त्या प्रत्येकाचा होता.

हिवाळ्यात पहाटे मी खोळीत ऊबदार असायचे आणि भिंतीपलीकडून आवाज यायचा. खर्र, खर्र. आयरीन कामावर जाण्याआधी आपल्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत असे. तिच्या एका खांद्यात उसण भरलेली असायची, म्हणून मधेच आवाज थांबायचा आणि मग पुन्हा सुरू व्हायचा.

एकदा ती गॅरेजच्या दारात आली आणि शेगडीकडे बघून म्हणाली, "राणीसाहेबांना थंडी वाजत नाही ना?"

"दमट हवेनं तारा सडतात गं," लेनर्ड म्हणाला.

"माझ्याही सडल्यात. मला कधी लावतोस शेगडी?"

लेनर्ड हसला. तीही हसली. तेव्हापासून त्या घरात माझे नाव राणीसाहेब पडले. मला ते नाव आवडायचे, हे सांगतानाही आता तोंड लपवावेसे वाटते.

आणि एवढे करून माझा उपयोग तो किती? उन्हाळ्यातले मोजके रविवार. मला चालवणे सोपे नाही. सुरू करायच्या आधी पायाने पेट्रोल दोनदा दाबायचे आणि जरा थांबायचे. तिसऱ्यांदा दाबले की मी गुदमरते. माझा क्लच पायाला जड, ब्रेक लागायला वेळ घेणारे. आयरीन डोक्याला रुमाल बांधून बसायची, तरी घरी गेल्यावर तिच्या केसांना पेट्रोलचा वास येई. आईस्क्रीमच्या दुकानापर्यंत जाऊन आले तरी टाकीचा काटा खाली येई. पंपावर थांबलो की कोणी ना कोणी जवळ येऊन म्हणायचाच, "माझ्या काकांकडे अगदी अशीच होती हो. विकली नि आयुष्यभर हळहळले." लेनर्ड प्रत्येकाचे काका पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकून घ्यायचा. ऑगस्टमध्ये आमच्यासारख्या सगळ्या जणी हमरस्त्यावरून रांगेने हळूहळू जायच्या, लोक कडेला खुर्च्या टाकून बसायचे. मी नाक वर करून जायचे.

त्यांची मुलगी पॉला हिचे लग्न ठरले तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. "डॅड, चर्चला आपण राणीसाहेबांतून जायचं."

लग्नाच्या सकाळी लेनर्डने मला पुसूनपुसून आरसा केले. मग आकाशाकडे पाहिले. पश्चिमेला एक ढग होता.

"आईच्या गाडीनं जाऊ," तो म्हणाला. "आतली गादी भिजली तर वास जात नाही."

पॉला पांढरा घोळदार झगा आवरत करड्या गाडीत बसली. पाऊस काही आला नाही. मी दिवसभर कोरडी, चकचकीत, अंगणात उभी होते.

वर्षे गेली. पॉला दुसऱ्या शहरात राहायला गेली. लेनर्ड निवृत्त झाला आणि त्याची फुप्फुसे थकली. त्या हिवाळ्यात तो नाकाला नळी लावून, प्राणवायूची छोटी टाकी चाकांवर ओढत घरात फिरायचा. डॉक्टरांनी काय सांगितले होते ते सगळ्यांना माहीत होते आणि कोणी बोलत नव्हते. पॉला नोकरीवर रजा टाकून आली होती.

त्या वस्तीतली बरीच माणसे मूळची पोलंडची, आणि फेब्रुवारीत त्यांचा एक सण येतो. ईस्टरआधीचा उपवासाचा मोठा काळ सुरू व्हायच्या आदल्या दिवशी ती जॅम भरलेले तळलेले गोळे पोट भरून खातात. त्या दिवशी दुपारी लेनर्ड पॉलाचा हात धरून गॅरेजमध्ये आला; टाकी तीच ओढत होती. दुसऱ्या हातात अर्धा खाल्लेला गोळा होता. त्याने माझी खोळ कोपऱ्याशी उचलली आणि नाकावर हात ठेवला. बोटांना जॅम होता. ज्या माणसाने आयुष्यभर माझ्याजवळ कोणाला खाऊ दिले नाही, त्याने चिकट हात तसाच ठेवून दिला.

"पॉला," तो म्हणाला, "नदीपर्यंत जाऊन येऊ का जरा?"

"आत्ता? रस्ते बघितलेस का, डॅड? पांढरेफटक झालेत. पत्रा खाऊन टाकेल असं तूच सांगतोस ना?"

"सांगतो खरं."

"एक दणकून पाऊस पडू दे. सगळं धुऊन गेलं की पहिली फेरी तुझी."

"आणि चालवणार कोण? तू?"

"नाहीतर काय आई?"

"मला नको बाई," आयरीन दारातून म्हणाली. "आधीच एक खांदा गेलाय. लेन, आत ये आता. हवा बोचतेय."

तिघेही हसले. लेनर्ड म्हणाला, "बरोबर आहे. मीठ आहे बाहेर." आणि तो टाकी ओढत आत गेला.

पॉलाने आपल्या बाहीने माझ्यावरचा जॅम पुसला आणि खोळ नीट केली. तिला वाटले, आपण वडिलांचा शब्द पाळला. मित्रांनो, तिचा दोष नाही. त्या घरात ती हेच ऐकत मोठी झाली होती. पण मला ठाऊक होते की हा माणूस पावसाची वाट बघू शकणार नाही, आणि ते त्यालाही ठाऊक होते. एका पत्र्यापायी त्याने स्वतःची मागणी गिळली. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. माझा आवाज गावभर ऐकू जायचा, पण तो चालू करायला माणूस लागतो.

मार्चमध्ये लेनर्ड गेला. तोवर पाऊस पडला नव्हता.

दफनाच्या आदल्या संध्याकाळी बर्फ पडला, आणि सकाळी मिठाचा ट्रक वस्तीतून फिरून गेला. पॉला काळ्या कोटात गॅरेजमध्ये आली. तिने खोळ ओढून काढली, नळीतले फडके काढले, बॅटरीची तार जोडली. लेनर्डचा कारखान्यातला जुना सोबती वॉल्ट शेजारीच राहायचा. तो धावत आला.

"पॉला, ही नको काढूस आज. लेन पेटीतून उठून बसेल."

"बसू दे," पॉला म्हणाली. "पुढची सीट रिकामीच आहे."

वॉल्टने टोपी काढली. आयरीन पायरीवर उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग मुलीकडे. "मी वॉल्टच्या गाडीतून येते," ती म्हणाली. "ती जागा तशीच राहू दे."

पॉलाने पेट्रोल दोनदा दाबले आणि थांबली. महिनोन्‌महिने मी निजून होते. मी गुदमरले असते तर कोणी मला नावे ठेवली नसती. पण मी पहिल्याच खेपेला सुरू झाले. एवढे तरी मी त्यांचे देणे लागत होते.

शववाहिकेमागून मी मिठातून गेले. खडे खालून पत्र्यावर ताडताड आपटत होते. दफन झाल्यावर लोक जेवायला सभागृहात गेले आणि पॉला मला घेऊन नदीवर गेली. तिने इंजिन बंद केले नाही. बराच वेळ रिकाम्या सीटवर हात ठेवून ती पाण्याकडे पाहत बसली. मग म्हणाली, "आलो बघ." तेवढेच.

घरी आल्यावर तिने मला बाहेर, भिंतीला लागून उभे केले. आईची करडी गाडी गॅरेजमध्ये नेली आणि शेगडी लावली. आयरीन म्हणाली, "अगं, तिला कशाला? तिला सवय आहे."

"म्हणूनच," पॉला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या काचेवर जाड बर्फ होता. दार उघडले आणि आयरीन बाहेर आली, लेनर्डचा कोट अंगावर घालून. तिच्या हातात तीच खरवडणी होती. खर्र, खर्र. मधे थांबली, खांदा दाबला, पुन्हा खर्र. इतकी वर्षे जो आवाज मी उबेत पडून ऐकला तो आता माझ्याच कपाळावर होता, आणि करणारी तीच होती. मित्रांनो, त्या क्षणी मला जमीन पोटात घेईल तर बरे असे झाले.

"राणीसाहेब," ती काच पुसत म्हणाली, "दूध आणायला जाऊन येऊ. चालेल ना?"

पॉला आता आईपाशीच राहते. दोघी मला कधी दुधाला नेतात, कधी चर्चला, पाऊस असला तरी. जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी तसे सांगत नाही. जपताना एकदा मागे वळून पाहा की कोण बाहेर थंडीत उभे आहे. आणि घरातले कोणी म्हणाले की जरा नदीपर्यंत जाऊन येऊ, तर आकाश बघू नका, रस्ता बघू नका, किल्ली घ्या.

माझ्या डाव्या दाराखाली, लेनर्डने बसवलेल्या त्या दाराखाली, गंजाचा एक ठिपका उठला आहे. परवा पॉलाला तो दिसला. तिने त्यावरून बोट फिरवले आणि तसाच राहू दिला. माझ्या साऱ्या चकचकीत अंगावर मला जिची लाज वाटत नाही अशी तेवढीच एक जागा आहे.