आठ शतांश

कोहमाऱ्याच्या तिठ्यावर डोमनलाल पटले यांनी सायकल स्टँडवर लावली, मागचे चाक हाताने फिरवून पाहिले आणि खिशातल्या वहीत लिहिले: दिवस तिसरा, सत्त्याण्णव किलोमीटर. नागपूरकडे जाणारे ट्रक अंगावर धूळ उडवत होते. डिसेंबर असूनही आभाळ भरून आले होते. घरी सुनेला, रविताला, त्यांनी सायकल-सहल एवढेच सांगितले होते. या वयात लोक तीर्थाला जातात, असे ती म्हणाली होती.

सहलीचे कारण कॅरियरला बांधलेल्या पिशवीत होते: दोन व्हर्नियर कॅलिपर, सूक्ष्म मापे घ्यायची उपकरणे; एक जुना, एक नवा. तंत्रशाळेत फिटरच्या वर्गाला पहिल्याच दिवशी ते शिकवत, की काहीही मोजण्याआधी जबडे मिटा आणि शून्य शून्याला लागते का ते पाहा. १९८६ मध्ये कारखान्यातल्या नोकरीसाठीच्या निवड चाचणीच्या सकाळी त्यांच्याच हातून व्हर्नियर फरशीवर पडला. उशीर झाला होता. जबडे न मिटताच त्यांनी मुलांनी कानस मारून केलेले लोखंडी ठोकळे मोजले आणि तिघांना ‘माप कमी’ म्हणून बाद केले. त्याच आठवड्यात नवे उपकरण आले. जुने घरच्या पेटीत गेले. बावीस वर्षांनी, गेल्या दिवाळीत, पेटी साफ करताना त्यांनी सवयीने जबडे मिटले. शून्य चार घरे मागे होते. आठ शतांश मिलिमीटर; त्या दिवशीचे प्रत्येक माप तेवढेच कमी दिसले होते.

बाद झालेल्या तिघांतला पहिला, आमगावचा ईश्वरदास, हे ऐकून आपल्या पिठाच्या गिरणीत उभा राहून खदखदून हसला होता. एवढ्यासाठी सायकल हाणत कशाला आलात सर, फोन करायचा, असे म्हणून त्याने जेवू घालूनच सोडले. देवरीच्या लोकेशला तर चाचणीच आठवेना. राहिला होता अर्जुनी मोरगावचा गुलाब रामटेके. तिघांत त्याचाच हात सर्वांत चांगला होता.

दुपारी ते पोहोचले तेव्हा अंगणात एक बाई सुपात तांदूळ पाखडत होती. गुलाब आहे का, असे त्यांनी विचारले. तिने सूप खाली ठेवले.

“दोन वर्सं झाली जाऊन. मी प्रेमिला, त्यायची बायको. तुमी?”

त्यांनी नाव सांगितले. तिने पदर सावरला, बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभीच राहिली.

गुलाबने पुढे राईस मिलवर पोती वाहिली, हे तिच्याकडून कळले. कानशीला त्याने पुन्हा हात लावला नव्हता. चाचणीचा ठोकळा मात्र घरी आणला होता. तो तांदळाच्या डब्यावर वजन म्हणून ठेवलेला दिसत होता, रोजच्या हाताने गुळगुळीत झालेला.

“लोक म्हनत, पटले मास्तरनं जात पाहून पाडलं. हे भांडत त्यायच्यासंग. म्हनत, माप जात पाहत नाही. माहाच हात कमी पडला.”

डोमनलाल उठले. त्यांनी नव्या व्हर्नियरचे जबडे मिटून शून्य पाहिले, मग ठोकळा मोजला. एकदा, दोनदा, चारही बाजूंनी.

“किती?”

“बरोबर चाळीस. पाहिजे तितकंच.”

मग त्यांनी सगळे सांगितले. पडलेला व्हर्नियर, झालेला उशीर, चार घरे. तीन गावे तेच वाक्य पाठ करून आणले होते; इथे ते मध्येच तुटत होते.

“मंग लोक खरं म्हनत व्हते?”

“नाही. तसं नव्हतं. मी शून्य पाहिलं नाही.”

“काऊन नाही पाहिलं?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

“त्या दोघायलेबी सांगतलं का हे?”

“सांगितलं. हसले.”

“जिते हायेत. हासतीन.”

तिने ठोकळ्याकडे पाहिले. “आठ शतांश म्हंजे केवढं असते?”

दाखवण्याजोगे काही मिळते का म्हणून डोमनलाल इकडेतिकडे पाहू लागले. तेवढ्यात तिने अंबाड्यातून एक पांढरा केस ओढून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी तो जबड्यांत अलगद धरला आणि आकडा वाचायला डोळे बारीक केले.

“एवढंच,” ते म्हणाले.

प्रेमिलाने ठोकळा उचलून पुन्हा डब्यावर ठेवला आणि चूल पेटवली. दोघांनी चहा घेतला. निघताना डोमनलालांनी व्हर्नियर तसाच पिशवीत टाकला.

स्टेशनवर सायकल पार्सलला देऊन ते बाकावर बसले. गाडीला अवकाश होता. नवे उपकरण त्याच्या छोट्या पेटीत नीट ठेवावे म्हणून त्यांनी ते बाहेर काढले आणि सवयीने जबडे मिटले. शून्य जुळले नाही. त्यांनी ते मावळत्या उजेडासमोर धरले. जबड्यांमध्ये तो केस अजून होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उजेडाची बारीक फट.

तो काढायला त्यांनी नख पुढे नेले. मग केसासकट उपकरण पेटीत ठेवले आणि पेटी मिटली.