लालवाल्यांचा अध्यक्ष

गल्लीत त्यांना सगळे मुस्यू म्हणायचे, म्हणजे फ्रेंचमध्ये साहेब. आधी चिडवायला म्हणायचे, मग सवयीने, आणि आता त्यांचं खरं नाव विचारलंत तर शेजारीपाजारीसुद्धा आढ्याकडे बघत बसतील. धंदा चष्म्यांचा. दुकानात भिंतीवर लहानमोठ्या अक्षरांचा तक्ता, आणि त्याच्या शेजारी, तक्त्यापेक्षा मोठ्या फ्रेममध्ये, सित्रोएन गाडीचा फोटो. गिऱ्हाईक बिचारं एक डोळा झाकून खालची ओळ वाचायला धडपडत असायचं आणि मुस्यू त्याला ऐकवत असायचे, की गाडी बनवावी फ्रेंचांनी, बाकीचे बनवतात ती पत्र्याची डबडी. फ्रान्सला ते कधी गेले नव्हते. जायची गरज काय? फ्रान्स घरामागच्या शेडमध्ये उभा होता.

उभा म्हणजे तसा बसलेला. मुस्यूंची ती जुनी सित्रोएन बंद असली की पोट जमिनीशी नेऊन बसते. किल्ली फिरवली की आधी मागचा भाग उचलते, मग पुढचा, अगदी गाय उठते तशी. तिला स्प्रिंगा नाहीत. सगळा भार तेलाच्या दाबावर, आणि म्हणून ती रस्त्यावरून चालत नाही, तरंगते.

आता या तेलाचं थोडं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आधीच्या गाड्यांत लाल तेल असायचं. पुढे कंपनीने सुधारून हिरवं तेल आणलं. लाल गाडीचे आतले भाग काळे रंगवलेले, हिरवीचे हिरवे, कुणाची चूक होऊ नये म्हणून. कारण एकीचं तेल दुसरीत गेलं आणि गाडी चालवली, तर ते नळ्यानळ्यांतून फिरतं, आतली रबरं फुगतात, कुजतात, आणि गाडी बसते ती बसतेच.

शहाण्या माणसाला यातून एवढंच कळेल की तेल बघून घालावं. पण या गाड्यांच्या शौकिनांचं एक मंडळ होतं, आणि मंडळ म्हटलं की शहाणपण दाराबाहेर चपलांपाशी. तिथे लालवाले ते अस्सल. पहिल्या रांगेत बसायचे ते, भाषणं करायचे ते, अध्यक्षही त्यांच्यातलाच. हिरवेवाल्यांनी वर्गणी भरावी, खुर्च्या लावाव्यात आणि टाळ्या वाजवाव्यात.

मुस्यूंची गाडी हिरवी होती.

हे जगात दोघांनाच ठाऊक होतं, मुस्यूंना आणि त्यांच्या बायकोला. शेडचं दार लावून घेऊन मुस्यूंनी आतला एकेक हिरवा भाग काळा रंगवला, तेव्हा उजेडासाठी बॅटरी तिनेच धरली होती. टाकीतल्या हिरव्या तेलात त्यांनी रंग कालवून ते लाल केलं, तेव्हा तिने विचारलं होतं, "अहो, पण चालतेय ना ती छान? हिरवी आहे म्हणून काय बिघडलं?"

"तुला नाही कळायचं," मुस्यू म्हणाले. हे वाक्य ते बायकोशी इतक्या वेळा बोलले होते, की तोंड उघडलं की तेच आधी बाहेर पडायचं.

ती बाई मात्र खरंच समजूतदार. कुठे जाणं नाही, येणं नाही. सुट्टी आली की मुस्यू गाडीखाली. कुणाच्या घरी जायचं ठरलं की गाडीचं काहीतरी निघालंच. पण एकदा फोनवर ती आपल्या ताईला सांगत होती, "लोकांचे नवरे पत्ते कुटतात, पितात. माझा गाडी पुसतो. असू दे गं, कशावर तरी जीव आहे ना त्याचा!" मुस्यूंनी दाराआडून ते ऐकलं आणि त्यांची छाती फुगली.

ही ताई राहायची घाट चढून पलीकडे. तिची नजर चालली होती. चष्मेवाल्याची मेहुणी, आणि दोन्ही डोळ्यांसमोर धुकं! "मला तुझा चेहरा दिसतोय तोवर येऊन जा गं," ती फोनवर म्हणायची. पण बायकोला बसमध्ये पहिल्याच वळणावर पोटात ढवळायचं, आणि घाट तर नुसता वळणांचा. सित्रोएनने मात्र ती पेलाभर पाणीही न सांडता पोचली असती. या वर्षी मुस्यूंनी शब्द दिला. मंडळाचा वार्षिक मेळावा उरकला की तिथूनच परस्पर ताईकडे. बायकोने बॅग भरली आणि स्वतःच्या हाताने डिकीत ठेवली.

मेळावा एका शाळेच्या मैदानात होता. गाड्या ओळीने बसल्या होत्या, माणसं त्यांच्याभोवती उभी होती. जुने अध्यक्ष दातांचे डॉक्टर. तब्येतीमुळे ते पद सोडणार होते आणि त्यांनी मुस्यूंचं नाव पुकारलं. टाळ्या झाल्या, मुस्यूंच्या छातीवर 'अध्यक्ष' लिहिलेली लाल फीत लागली. चष्मे विकून असा मान कधी मिळाला नव्हता हो! मुस्यूंचे डोळे भरून आले.

"आता प्रथेप्रमाणे," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी खोक्यातून एक जुनी बाटली काढली. आत लालभडक तेल. "नव्या अध्यक्षाच्या गाडीत अस्सल तेल मी माझ्या हाताने घालणार."

मुस्यूंचा हात छातीवरच्या फितीकडे गेला.

ही प्रथा त्यांना ठाऊक नव्हती, कारण मुस्यू मंडळात आल्यापासून डॉक्टरच खुर्चीवर. मागे एकदा एका घड्याळवाल्याचं नाव अध्यक्षपदासाठी निघालं होतं, पण त्याला त्याच दिवशी मंडळातून काढलं. तो लपून हिरवी गाडी चालवत होता म्हणे. मुस्यू त्या मेळाव्याला नव्हते, पण पुढे वर्षभर त्यांनी त्या फितुराला चारचौघांत नावं ठेवली होती. आपली गाडी नुकतीच रंगवून झाली असल्यामुळे जरा जास्तच मोठ्याने.

बॉनेट उघडलं गेलं. डॉक्टरांनी टाकीचं झाकण काढलं. बायको पुढे आली आणि कुजबुजली, "अहो. सांगा ना."

एक वाक्य. "थांबा, ही हिरवी आहे." संपलं. पण फीत छातीवर होती आणि अख्खं मंडळ बघत होतं. मुस्यूंनी तोंडात मूग धरले ते धरलेच. तेल गेलं टाकीत, शेवटच्या थेंबापर्यंत.

अजून काही बिघडलं नव्हतं. गाडी सुरू केली नाही, टाकी रिकामी करून धुतली, तर निभावलं असतं. मुस्यूंना हे पाठ होतं. त्यांनीच ते बायकोला किती वेळा समजावलं होतं.

"अध्यक्ष, उठवा तिला!" कुणीतरी ओरडलं.

मुस्यू आत बसले. एकदा त्यांनी बायकोकडे पाहिलं, पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती, गाडीकडे बघत होती. मग त्यांनी किल्ली फिरवली. गाडी मागून उठली, पुढून उठली, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

टाळ्या चालू असतानाच बायकोने डिकी उघडून बॅग काढली.

"अगं, कुठे?"

"बसने जाते. हिला आता घाट कसला चढवताय!" एवढं बोलून ती फाटकाबाहेर गेली. मुस्यूंना मागे जायचं होतं, पण हातात हात देणाऱ्यांची रांग लागली होती.

रांग संपल्यावर ते नळावर तोंड धुवायला गेले. डॉक्टर मागून आले.

"काय रे, चेहरा का पांढरा पडलाय? घाबरू नकोस. तुझ्या टाकीत होतं तेच बाटलीत होतं."

मुस्यूंनी नळ बंद केला.

"हिरवंच, रंग कालवलेलं. खरं लाल तेल आता मिळतंय कुठे लेका? माझी हिरवी, त्या वकिलाची हिरवी, पहिली रांग सगळी हिरवी. तुझी रंगवलेली आहे हे तर मला पहिल्या दिवशीच कळलं. ब्रशचे केस चिकटलेत रंगात."

"मग ही बाटली कशाला?"

"परीक्षा. जो गप्प बसतो तोच या खुर्चीवर टिकतो." डॉक्टरांनी हात पुसले. "तो घड्याळवाला ओरडला, थांबा, मरेल ती! सगळ्यांसमोर. काढावंच लागलं त्याला. चांगला माणूस होता. त्याचं गाडीवर प्रेम होतं."

पण मुस्यूंनी शेवटचं वाक्य ऐकलंच नाही. गाडी वाचली होती! त्यांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी गाडी काढली आणि थेट बसथांब्यापाशी नेऊन उभी केली. बायको बाकावर बसली होती, मांडीवर बॅग, हातात रुमाल.

"बस, बस आत! काही झालेलं नाही! ते लाल नव्हतंच मुळी, हिरवंच होतं. सगळ्यांचं सोंगच आहे ते. गाडी ठणठणीत आहे!"

तिने गाडीकडे पाहिलं. "बरं झालं," ती म्हणाली, आणि तिला खरोखरच बरं वाटलेलं दिसलं.

"मग चल ना."

"एक सांगा. ते तेल ओतत होते तेव्हा तुम्हाला काय वाटलं, कसलं आहे?"

मुस्यू घुटमळले. पण ही बाई बॅटरी धरून उभी राहिलेली. तिच्याशी काय लपवणार? "लाल," ते म्हणाले.

"आणि किल्ली फिरवलीत तेव्हा?"

"तेव्हाही."

तिने मान हलवली. "माझ्यासाठी तुम्ही कधी कुणापुढे तोंड उघडलं नाहीत. त्याचं मला काही नाही हो. मी म्हणायचे, यांचा सगळा जीव तिच्यातच अडकलाय, माझ्या वाट्याला उरणार कुठून? त्यावर मी इतकी वर्षं काढली." ती उठली. "तुम्ही तर तिच्यासाठीही बोलला नाहीत."

बस आली. ती चढली, खिडकीशी बसली आणि रुमाल आत्ताच तोंडाशी धरला. मुस्यू स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसून राहिले. मागून हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, मग कंडक्टरने दारातून डोकं बाहेर काढलं आणि छातीवरची फीत वाचून हाक मारली, "ओ अध्यक्ष! गाडी बाजूला घ्या!"

मुस्यूंनी गाडी बाजूला घेतली. काय सरकली म्हणून सांगू, एक धक्का बसला नाही.