मालकांचं नाव

शहाऐंशी सालच्या त्या आठवड्यात सरोजचा पाय एका जागी ठरत नव्हता. भाकरी थापता थापता ती उठून दारात जायची, नळावर हंडा लावून स्वतःशीच पुटपुटायची. नवरा चांगदेव कामाला होता त्या कारखान्याला दिवाळीपासून टाळं होतं. ठाण्यातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात पेशंटांना नावानं पुकारून आत सोडायला बाई हवी होती. ही नोकरी हुकली तर डोंबिवलीचं बिऱ्हाड मोडून आंबिवलीपलीकडच्या गावी परतायचं, असं नवराबायकोचं ठरून गेलं होतं.

संध्याकाळी चांगदेव साहेब व्हायचा. इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसायचा आणि सरोज दार वाजवून आत यायची.

"नाव?"

"सरोज म्हात्रे."

"शिक्षण?"

"दहावी पास."

"पेशंट भांडायला लागला तर?"

"आधी बसायला खुर्ची देईन."

"आणि नाही बसला?"

"मग तुमच्याकडे पाठवीन, साहेब."

सुके बोंबील निवडत बसलेली सासू, रंगूबाई, मान वर न करता म्हणायची, "साहेबाला सांग, आधी दूध आन."

मुलाखतीला चांगदेव बरोबर आला आणि बाहेर पेशंटांच्या बाकावर बसला. आत एक डॉक्टर आणि मेट्रन कमळाबाई होत्या. सरोजची उत्तरं पाठ होती, ती भराभर देत गेली. कमळाबाई मान डोलावत लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मिस्टरांचं नाव?"

सरोज दाराकडे बघू लागली. घरी हा प्रश्न एकदाही आला नव्हता. विचारणाराच तो, त्याला स्वतःचं नाव कशाला विचारावंसं वाटेल? लग्न झाल्यापासून ते नाव तिनं घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवल्यावर.

"ते... बाहेर बसलेत," ती म्हणाली.

"त्यांना नाव असेल ना काही?" डॉक्टर हसले.

"म्हात्रे."

"म्हात्रे ठाण्यात ढिगानं आहेत."

पदराचं टोक बोटाला गुंडाळून गुंडाळून तिचं बोट लाल झालं. कमळाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे बघा बाई, उद्या तुमच्या मालकांचाच केसपेपर हातात आला तर काय पुकारणार? 'अहो, आत या'? बाकावरचे सगळे नवरे उठून येतील."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. पुढच्या बाईला बोलवायला ते घंटीकडे हात नेताहेत, हे सरोजला दिसलं. बिऱ्हाड, टेम्पोत चढणारी खाट, गावची वाट, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. ती उठली. कोणी सांगायच्या आत तिनं दार उघडलं.

"चांगदेव म्हात्रे," तिनं पुकारलं. आवाज पार औषधाच्या खिडकीपर्यंत गेला.

बाकावरचा चांगदेव हलला नाही. हा दुसरा चांगदेव कोण, म्हणून तो शेजारच्या म्हाताऱ्याकडे बघू लागला.

"चांगदेव म्हात्रे, आत या. चपला बाहेर."

तेव्हा कुठे तो धडपडत उठला. दारात येऊन, तपासायला आल्यासारखा शर्टाचं वरचं बटण सोडू लागला. डॉक्टरांनी घंटीवरचा हात काढला.

"त्यांना काही झालेलं नाही, जाऊ द्या," कमळाबाई चष्मा घालत म्हणाल्या. "तुम्ही सोमवारी या. आणि आवाज असाच ठेवा."

स्टेशनकडे जाताना चांगदेवनं शर्टाचं वरचं बटण पुन्हा लावलं. मग हळूच म्हणाला, "पुन्हा एकदा म्हण की."

सरोजनं पदर सारखा केला. तिची पावलं अजून घाईतच पडत होती.

"केसपेपर काढा आधी," ती म्हणाली.